मुक्काम पोस्ट ड्युअल बूट, तालुका जिवती

एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टिम कशा नांदवायच्या हे शिकायचं असेल, तर यूट्यूबवरच्या त्या उत्साही पोरांच्या नादी लागू नका. चंद्रपूरहून राजुरा, राजुऱ्याहून गडचांदूर आणि तिथून माणिकगडाचा पहाड चढून जिवती गाठा. यूट्यूबवरचा पोरगा हे प्रकरण चहा गार व्हायच्या आत उरकतो आणि मध्ये दोनदा चॅनेल सबस्क्राइब करायला सांगतो. जिवती तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांना या विषयाचा अर्ध्या शतकाहून जास्त अनुभव आहे आणि ती काहीही सबस्क्राइब करायला सांगत नाहीत.

ही गावं चौदा. परमडोली, कोठा, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, लेंडीगुडा, पळसगुडा, येसापूर, भोलापठार अशी त्यांतल्या काहींची नावं. महाराष्ट्र म्हणतो, ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातली. तेलंगणा म्हणतं, ही आसिफाबाद जिल्ह्यातल्या केरामेरी मंडलातली. आणि हे नुसतं म्हणणं नाही. दोघांनीही तिथं आपापला सगळा पसारा मांडून ठेवलाय. ग्रामपंचायती दोन, सरपंच दोन, एक शाळा मराठी तर एक तेलुगू. घराघरांत दोन रेशनकार्डं आणि दोन मतदार ओळखपत्रं. पाहुणा आला की घरातल्या माणसानं कुठलं कार्ड कुठल्या पिशवीत ठेवलंय ते आठवावं लागतं, एवढीच काय ती अडचण.

ज्यांना ड्युअल बूट म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्प्युटरच्या डिस्कचे दोन भाग पाडायचे, एकात विंडोज टाकायची, दुसऱ्यात लिनक्स. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर यादी उमटते: बोला, आज कुणाच्या राज्यात जायचं? ही यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव ग्रब. तो पाच-दहा सेकंद तुमच्या तोंडाकडे बघतो. तेवढ्यात तुम्ही काही ठरवलं नाही, तंबाखू मळत राहिलात, तर यादीत जी पहिली असेल तिच्या दारात तुम्हाला सोडून मोकळा होतो.

आता कुणी म्हणेल, एक सिस्टिम सांभाळताना नाकी नऊ येतात, दोन कशाला? तर त्याचं कारण 14 ऑक्टोबर 2025. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 ची नेहमीची देखभाल थांबवली. आता 11 घ्या, म्हणाले. पण 11 घ्यायची तर मशीनमध्ये टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप हवी, प्रोसेसर मंजूर यादीतला हवा, आणि इंटेलच्या बाबतीत ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. ज्यांची मशीनं सहाव्या-सातव्या पिढीतली, ती धडधाकट असून अपात्र. पहाडावर अपात्र हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जिवतीच्या सेवा केंद्रात अर्जाची स्थिती बघायला आलेली बाई पडद्याकडे न बघता ऑपरेटरच्या चेहऱ्याकडे बघते आणि त्यावरूनच ओळखते.

माझा मावसभाऊ तिथं असं एक केंद्र चालवतो. त्याचं मशीन अपात्र ठरलं तेव्हा तो आधी चिडला, मग त्यानं हिशोब केला. नवीन मशीनचे पैसे नव्हते. जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकून बघितलं तर ते असं पळायला लागलं की त्याला वाटलं आपण आजवर ब्रेक लावूनच गाडी चालवत होतो. टायपिंग, ईमेल, फॉर्म भरणं, पीडीएफ जोडणं, सगळं झकास. मग अंगठ्याचं यंत्र जोडलं. आधारचा अंगठा घेणाऱ्या त्या छोट्या डबीला लिनक्स दिसेना आणि लिनक्सला डबी दिसेना. या यंत्रांचे ड्रायव्हर बनवणारे बहुतेक लोक विंडोज आणि अँड्रॉइडपुरतंच बघतात. डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हचीही बऱ्याचदा तीच गत. आणि सेवा केंद्रातून अंगठा काढून टाकला तर खुर्ची आणि पंखा एवढंच उरतं. म्हणजे विंडोजही ठेवणं आलं. अंगठा तिकडं, बाकी संसार इकडं.

लिनक्सबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे की हे इंजिनिअर लोकांचं खूळ. ते 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं सुरू केलं हे खरं, पण पुढे ते इतकं पसरलं की तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे. उबुंटूवाले तर एकेकाळी नुसतं मागितलं की पोस्टानं फुकट सीडी पाठवायचे. 2011 पर्यंत चाललं ते. महाराष्ट्रातल्या कॉलेजच्या पोरांनी भरपूर मागवल्या. त्यातल्या काही इन्स्टॉल झाल्या, बऱ्याच पुढे शेतात पाखरं हाकायला दोऱ्याला टांगल्या गेल्या आणि त्या कामात त्यांना ड्रायव्हरची अडचण कधी आली नाही. आपल्या सरकारच्या सी-डॅकनंही बॉस नावाचं भारतीय लिनक्स काढलं. त्याचं नाव ऐकलेले लोक मला भेटलेत. पण या सीडींच्या आणि बॉसच्या आधी, 2001 मध्ये एमकेसीएलची एमएस-सीआयटी आली आणि तिनं एक अख्खी पिढी अशी घडवली की कॉम्प्युटर म्हणजे डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण. ते बटण जरा उजवीकडे सरकलं तर या पिढीला गाव बदलल्यासारखं वाटतं. विंडोज 11 नं नेमकं तेच केलं.

तर मावसभावाच्या केंद्रात मशीन उघडून बसलो होतो. डिस्कचे भाग पाडायचं काम चालू होतं, आणि हे काम मोठं नाजूक. विंडोजला आधी विनवावं लागतं की बाई, जरा आकसून बस, दुसरीला जागा दे. ती आकसते, पण स्वतःच्या मर्जीनं. तिच्या काही फायली जागच्या हलत नाहीत, म्हणून डिस्क निम्मी रिकामी असली तरी ती दोन बोटं जागा सोडते आणि आपण उपकार केल्यासारखी बसते. बाकावर केवायसीसाठी आलेले एक मामा बसले होते. दुष्काळाच्या सालात मराठवाड्यातून पहाडावर आलेल्या कुटुंबांपैकी एक. 1972 च्या त्या दुष्काळानंतर तिकडची बरीच माणसं इथं येऊन स्थिरावली. गोंड आणि कोलाम आधीपासूनचे, बंजारे आहेतच. त्यामुळे या तालुक्यात एका बाकावर चार भाषा बसलेल्या असतात आणि चौघींचं काम एकाच खिडकीवर अडलेलं असतं.

मामांनी पडद्यावरचे दोन रंगांचे पट्टे बराच वेळ न्याहाळले.

"हे काय चाललंय?"

"मामा, एका मशीनमध्ये दोन सिस्टिम टाकतोय. अर्धी जागा हिला, अर्धी तिला."

"भांडणार न्हाईत का?"

"मध्ये रेघ मारलीय ना."

"रेघ आमच्याकडं बी मारलीय," मामा म्हणाले.

ते चौदापैकी एका गावचे होते. मग त्यांनी माझी तोंडी परीक्षाच घेतली. जुन्या सिस्टिमच्या फायली उडणार का? नाही. नवीन सिस्टिम जुनीला विचारून आली का? नाही. दोघींना जेवायला किती? मी म्हटलं, मेमरी आठ जीबी आहे, जी चालू असेल तिला पूर्ण आठ. हे त्यांना पटलं नाही. "तिकडं माणशी सहा किलो देतेत, केंद्राच्या पाचावर त्यांचा एक. इकडं पाच, पण त्यात गहू. सारखं कुठंच नसतंय."

"आन् एका वक्ताला दोन्ही चालतेत का?"

"नाही मामा. एक बंद केली की मग दुसरी."

मामांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "आमच्याकडं दोन्ही एकदमच चालतेत."

मला वाटलं होतं चौदा गावं म्हणजे ड्युअल बूट. मामांनी ते एका वाक्यात खोडलं. दोन्ही सिस्टिम एकाच वेळी चालवण्याचा प्रकार कॉम्प्युटरमध्येही आहे, पण तो वेगळा. त्यासाठी वर बसून दोघींना मेमरी, प्रोसेसर, डिस्क वाटून देणारा एक प्रोग्रॅम लागतो. त्याला हायपरव्हायजर म्हणतात. हे मी मामांना जमेल तसं सांगितलं.

"वर बसून वाटून देणारा. म्हंजी दिल्ली?"

"तसंच समजा."

"म्हणून तर हँग होतंय."

मामांचं वय मी विचारलं नाही. पण या पहाडावर 1940 च्या आसपास जन्मलेल्या माणसाची कल्पना करा. तो जन्मला निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात. राजुरा भाग तेव्हा तिकडे होता. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची सिस्टिम बंद पडली. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, राजुरा मुंबई राज्यात आलं, आधी नांदेड जिल्ह्याला जोडलं आणि 1959 मध्ये तिथून काढून चांदा जिल्ह्याला लावलं. 1 मे 1960 ला मुंबई राज्याचा महाराष्ट्र झाला. पलीकडे हैदराबाद राज्य जाऊन आंध्र प्रदेश आलं, 2 जून 2014 ला त्यातून तेलंगणा निघालं, आणि 2016 मध्ये आदिलाबादेतून आसिफाबाद वेगळं काढून त्याला कुमरम भीमचं नाव दिलं. आमचा माणूस या सगळ्या काळात आपल्या कुडाच्या भिंतीला टेकून बसलेला आहे. तो हललेला नाही. त्याच्यावर एकामागून एक सिस्टिमी टाकल्या गेल्या, आणि 1956 ची ती रेघ जंगलात नेमकी कुठल्या ओढ्याच्या अलीकडून गेली यावर कुणाचं एकमत नसल्यामुळे शेवटच्या दोन काढायच्या राहून गेल्या.

रेघेचा विषय निघालाच आहे तर महाराजगुड्याचं ते घर सांगायला हवं. डिसेंबर 2022 मध्ये देशभरच्या वाहिन्यांनी ते दाखवलं. घर एक, आणि रेघ घराच्या मधून. चार खोल्या महाराष्ट्रात, चार तेलंगणात. स्वयंपाकघर तेलंगणात. म्हणजे फोडणी तिकडे पडते आणि ठसका इकडे लागतो. कुटुंब दोन्हीकडचा कर भरतं आणि दोन्हीकडच्या योजना घेतं. कॉम्प्युटरवाल्यांना मी हे घर अभ्यासाला लावीन. आमच्याकडे लिनक्सच्या भागात बसून विंडोजच्या भागातली एक फाइल उघडली की आपण फार मोठी गोष्ट साधली असं वाटतं. तिथली बाई दिवसातून किती वेळा भरलेलं पातेलं घेऊन राज्याची सीमा ओलांडते, आणि एकदाही पासवर्ड विचारला जात नाही.

फायलींचंच बोलायचं तर दोन सिस्टिमांच्या स्वभावात मोठा फरक आहे. लिनक्स विंडोजच्या फायली वाचते, लिहिते, शेजारधर्म पाळते. विंडोजला मात्र लिनक्सच्या पद्धतीनं फॉर्मॅट केलेली पेनड्राइव्ह लावून बघा. त्यात तुमची वीस वर्षांची कागदपत्रं असोत, ती म्हणते की हे फॉर्मॅट केल्याशिवाय वापरता येणार नाही, करू का फॉर्मॅट? वाईट हेतू नसतो तिचा. आपल्या पद्धतीनं लिहिलेलं नाही ते लिहिलेलंच नाही, अशी तिची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत कुठल्या खिडकीवर भेटत नाही सांगा. तेलुगू दाखला इकडे आणला की इकडचा बाबू तो उलटा धरून बघतो. मराठी दाखला तिकडे नेला की तिकडचा बाबू निदान सरळ धरतो, पण शेवटी परत देतो.

आता घड्याळाची गंमत. ही ड्युअल बूट केलेल्या प्रत्येक भारतीयाला कधी ना कधी भेटते. मशीनमध्ये बॅटरीवर चालणारं एक छोटं घड्याळ असतं. लिनक्स त्यात ग्रीनिचची वेळ ठेवते आणि त्यात साडेपाच तास मिळवून आपल्याला दाखवते. विंडोज तेच घड्याळ आहे तसं, इथली वेळ समजून वाचते. त्यामुळे सकाळी 11 वाजता लिनक्स बंद करून विंडोजमध्ये गेलात की पहाटेचे साडेपाच. अकराला पहाट असणं ही ज्या कार्यालयांची रीतच आहे तिथं हे कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण सरकारी पोर्टलं वेळेच्या बाबतीत कडक असतात. घड्याळ चुकलं की साइट उघडत नाही, सुरक्षित नाही म्हणून हाकलून देते. उपाय सोपा आहे, लिनक्सला एका ओळीची आज्ञा दिली की ती विंडोजच्या वेळेनं चालते. विंडोजलाही समजावता येतं, पण त्यासाठी तिच्या रजिस्ट्रीत शिरावं लागतं, आणि रजिस्ट्रीत शिरलेला माणूस सहसा आनंदानं बाहेर येत नाही.

पहाडावरचं घड्याळही असंच आहे, फक्त तिथं फरक तासांचा नाही, सुट्ट्यांचा. तेलंगणातल्या शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी, बतुकम्माचा सण असतो. आपल्याकडे दसऱ्याला एक दिवस आणि मोठी सुट्टी दिवाळीला. म्हणजे एका गल्लीत तेलुगू शाळेची पोरं झाडावर आणि मराठी शाळेची वर्गात, आणि दिवाळीत नेमकं उलट. दोन्ही शाळांत नाव असलेल्या एखाद्या पोराची कल्पना मी करून बघितली. हुशार असेल तर त्याला वर्षभर सुट्टी मिळू शकते.

मतदानाच्या वेळी तर ग्रबची यादी पडद्यावर येतेच. 2024 च्या लोकसभेला चंद्रपूरचं मतदान 19 एप्रिलला झालं, आदिलाबादचं 13 मे रोजी. मध्ये तीन आठवड्यांहून जास्त अंतर. एक सिस्टिम बंद करून दुसरी चालू करायला पुरेसं. बोटावरची पहिली शाई नखाबरोबर वर सरकत असताना दुसरी लावायला माणूस तयार. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 17 स्पष्ट सांगतं की एका माणसाचं नाव एकाहून जास्त मतदारसंघांत नोंदवता येत नाही. पण मामांचा मुद्दा असा की नाव त्यांनी नोंदवलंच नाही. इकडचा माणूस घरी येऊन लिहून गेला, तिकडचाही येऊन लिहून गेला, आणि दारी आलेल्याला नाही म्हणायची पहाडावर पद्धत नाही. खरी पंचाईत झाली ती 2019 मध्ये. त्या वेळी चंद्रपूर आणि आदिलाबाद, दोन्हींचं मतदान एकाच दिवशी होतं, 11 एप्रिलला. खऱ्या अर्थानं ड्युअल बूट तो एकच दिवस. यादी समोर, वेळ थोडा, आणि निवडायची एक. त्या दिवशी काय केलंत, असं मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "ज्याची जीप आधी आली."

ग्रबही हेच करतो.

विंडोजच्या एका सवयीबद्दल मात्र सावध करायला हवं. तिचं नाव फास्ट स्टार्टअप. तुम्ही बंद करा म्हणता, ती हो म्हणते, पडदा काळा होतो, दिवा विझतो. पण ती पूर्ण बंद झालेली नसते. अर्धी झोपलेली असते आणि डिस्कवरचा हात तिनं काढलेला नसतो. मग तुम्ही लिनक्समध्ये जाता, आणि लिनक्स सांगते की विंडोजचा भाग मी फक्त वाचीन, त्यात लिहिणार नाही, कारण मालकीण अजून आत आहे. चौदा गावांचं हेच झालं. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, 1997 मध्ये आंध्र प्रदेशानं आपली याचिका मागे घेतली. कागदावर बंदचं बटण दाबलं गेलं. त्यानंतरही तिकडच्या निवडणुका होतात, तिकडचं राशन येतं, तिकडची शाळा भरते, आणि 2014 मध्ये आंध्र जाऊन तेलंगणा आलं तेव्हा तिकडच्या सिस्टिमची नवी आवृत्तीसुद्धा इथं आपोआप चढली.

अपडेटचं म्हणाल तर ऑगस्ट 2024 मध्ये काय झालं ते ड्युअल बूटवाल्यांच्या जगात लोक अजून आठवतात. मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेचं एक अपडेट सोडलं. ज्या मशीनवर दोन सिस्टिम आहेत तिथं ते लागू होणार नाही, असं आधी सांगितलं होतं. ते लागू झालं. पुष्कळांच्या मशीनमध्ये लिनक्स उघडेना, काहीतरी फार गंभीर बिघडलंय एवढंच इंग्रजीत सांगून मशीन बंद व्हायचं. पक्की दुरुस्ती यायला 2025 चा मे उजाडला. यात दुष्टपणा होता असं मला वाटत नाही. प्रत्येक सिस्टिमला आतून असंच वाटत असतं की सगळी डिस्क आपलीच, दुसरी कुणी राहत असेल तर ती घुसखोर, आणि तिला धक्का लागला तर आपल्याला काय माहीत. लिनक्सही साधी नाही. इन्स्टॉल करताना एक पर्याय ती मोठ्या आदबीनं देते: डिस्क पूर्ण पुसून टाकू का? घाईत होय म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांच्या लग्नाचे फोटो आता फक्त सासरच्या अल्बममध्ये आहेत.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की दोन सिस्टिम म्हणजे दुप्पट चैन. पेपरवालेही चौदा गावांबद्दल असंच लिहितात, दोन-दोन राज्यांचे लाडके म्हणून. तिकडची आसरा पेन्शन महिन्याला 2016 रुपये, इकडची निराधार योजना 1500, लाडक्या बहिणीचे 1500. बेरीज करायला बोटं पुरतात. मावसभावालाही मी तेच म्हणणार होतो: बघ, तुझ्याकडे आता दोन सिस्टिम आहेत, अंगठाही चालतो, मशीनही पळतं. तेवढ्यात मामांची केवायसी झाली आणि पावती छापायची वेळ आली.

प्रिंटर लिनक्समध्ये चालेना. ड्रायव्हर मिळत नाही. विंडोजमध्ये गेलो. तिथं ड्रायव्हर होता, प्रिंटर ऑफलाइन होता. वायर काढून घातली, प्रिंटर बंद-चालू केला, मावसभावानं त्याच्या पाठीवर थाप मारली. पुन्हा लिनक्स, पुन्हा विंडोज. मामा बाकावर शांत बसलेले. त्यांना यात काही नवल वाटत नव्हतं.

त्यांच्याकडे पण दोन सिस्टिम आहेत. पीएम किसानचे वर्षाला 6000 हवे असतील तर जमीन नावावर दाखवा, म्हणजे सातबारा आणा. 2018 मध्ये सुरू झालेली तेलंगणाची रयतु बंधू एकरी पैसे द्यायची, त्यासाठी पट्टादार पासबुक लागायचं. मामांनी कसलेली जमीन वनखात्याच्या नोंदीत जंगल आहे. त्यांच्या बापानं ती साफ केली, त्यांनी तिच्यात कापूस घेतला, तूर घेतली, पोरींची लग्नं केली. सातबाऱ्यावर नाव नाही, पासबुक नाही. सीमेवरच्या या गावांत ही तक्रार एकट्या मामांची नाही. निवेदनांत पहिली मागणी बहुतेक जमिनीच्या पट्ट्यांची असते. दोन मतदार कार्डं, दोन रेशनकार्डं, दोन सरपंच, दोन आमदार, दोन खासदार, आणि पट्टा दोघांकडेही नाही. ज्या केरामेरी मंडलात ही गावं दाखवतात त्याच मंडलात जोडेघाट आहे. तिथं कुमरम भीम 1940 मध्ये निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला, आणि तो लढत होता तो जल, जंगल आणि जमिनीसाठी. त्याच्या नावाचा जिल्हा झाला, पुतळा झाला. जमिनीचा ड्रायव्हर अजून दोन्हीकडे सापडत नाही.

मामांना त्या दिवशी पावती हातानं लिहून दिली. मावसभावानं शिक्का मारला. त्यांनी ती उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "ही दोन्हीकडं चालंल का?" मावसभाऊ म्हणाला, "सांगता येत नाही."

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांनी ही चौदा गावं पूर्णपणे राज्यात घेण्याची प्रक्रिया चालू असल्याचं जाहीर केलं. म्हणजे एक सिस्टिम काढायची. काढा, पण त्यात एक खाच असते जी ड्युअल बूटवाल्याला ठाऊक आहे. लिनक्सचा भाग नुसता पुसून टाकला तर बऱ्याचदा ग्रब अर्धवट राहतो आणि बटण दाबल्यावर दोन्हींपैकी काहीच उघडत नाही. आधी बूट व्यवस्था नीट लावायची, जे चालू आहे ते दुसऱ्या बाजूला उतरवून घ्यायचं, आणि मग जुनं पुसायचं. तिकडची पेन्शन बंद होण्याआधी इकडची सुरू झाली पाहिजे, तिकडच्या शाळेतलं पोर इकडच्या पटावर आलं पाहिजे, आणि या वेळी पट्टा पहिल्या दिवशी हातात पडला पाहिजे. मंत्रालयात हे काम ज्याच्या टेबलावर असेल त्यानं एवढं बघावं.

आणि वाचकहो, तुम्हाला घरच्या मशीनवर दोन सिस्टिम टाकायच्याच असतील तर आधी विंडोज टाका, मग लिनक्स. उलट केलंत तर विंडोज येताना ग्रबला बाजूला सारते. फास्ट स्टार्टअप बंद करा. दोघींनाही वाचता येईल असा तिसरा भाग करून कामाच्या फायली त्यात ठेवा, आणि त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. अंगठ्याचं यंत्र कुठल्या सिस्टिमवर चालतं ते विकत घ्यायच्या आधी दुकानदाराला विचारा. प्रिंटरचंही विचारा, पण तो काय सांगेल त्यावर विसंबून गिऱ्हाइकाला वेळ देऊ नका.